पातालपानी आणि कालाकुंड : पावसाळ्यात जायचं तर

इंदूरहून साधारण ३५ किलोमीटरवर, महूच्या पुढे पातालपानी स्टेशन आहे. जवळच सुमारे ३०० फूट खोल कोसळणारा धबधबा आणि घाटाखाली चोरल नदीकाठचं कालाकुंड. मीटरगेजचा हा मार्ग होळकरांच्या पैशातून झाला. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं दिले होते. इंदूरच्या माणसाला हे ठाऊक असलेलं बरं, मग तिथल्या भिंतीवर नाव कोरावंसं वाटत नाही.

आधी गाडीची चौकशी करा. या मार्गावर २५ डिसेंबर २०१८ला सुरू झालेली हेरिटेज ट्रेन सहसा पावसाळ्यात, शनिवार-रविवारी धावते. वेळा आणि भाडं बदलत असतं, म्हणून निघण्यापूर्वी रेल्वेच्या १३९ क्रमांकावर विचारून जाण्या-येण्याचं आरक्षण एकदमच करा.

स्टेशनवर पोहोचलात की रुळांवर उतरू नका. इथे सगळ्यांत मोठी फसगत आवाजाची होते. उतारावर इंजिनाला जोर लावावा लागत नाही, त्यामुळे कालाकुंडकडे जाणारी गाडी फारशी घरघर न करता येते. त्यात धबधब्याचा गडगडाट हॉर्न गिळून टाकतो आणि वळणामुळे गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. चाळीस मीटरला एक मीटर असा उतार, वर ओले रूळ. ड्रायव्हरनं ब्रेक लावला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. पुलावर तर बाजूला उडी मारायलाही जागा नसते. रेल्वे कायद्याच्या कलम १४७नुसार रुळांवर विनापरवाना जाणं गुन्हा आहे, पण दंडापेक्षा ही कारणं मुलांना नीट समजावून सांगा.

धबधबा रेलिंगच्या आतूनच पाहा. जुलै २०११मध्ये इथे अचानक आलेल्या लोंढ्यात पिकनिकला आलेली माणसं खडकावर अडकली आणि वाहून गेली. पाऊस वर माळव्याच्या पठारावर पडतो आणि पाणी इथे येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी भरवसा नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काड्या-पाला वाहू लागला, आवाज जड झाला, की चप्पल-डबा जागेवर सोडून काठावरच्या उंच जागी चढा. प्रवाह ओलांडून पलीकडच्या नातेवाइकांकडे जायला बघू नका. गुडघाभर वेगवान पाणीसुद्धा शेवाळलेल्या दगडावरून धडधाकट माणसाचे पाय उचलतं.

स्टेशनजवळच इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या मामा भिल्ल यांचं मंदिर आहे. भिल्ल समाजासाठी ते श्रद्धास्थान आहे. ४ डिसेंबरला, त्यांच्या बलिदान दिनी, तिथे मोठी गर्दी होते. जोडे बाहेर काढा आणि पूजा करणाऱ्यांचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका.

गाडीत दारात उभं राहू नका. बोगद्याची भिंत हाताच्या अंतरावरून जाते. माकडांना शेव-परमल (शेव-कुरमुरे) टाकू नका, ती खाण्यासाठी रुळांवर येतात.

कालाकुंडचा कलाकंद प्रसिद्ध आहे, तो जरूर घ्या. तिथली माणसं त्याच्या विक्रीवर घर चालवतात, तेव्हा घासाघीस नको. खाऊन झालेली पानं (द्रोण) आणि रिकाम्या पिशव्या सोबतच्या थैलीत भरून परत आणा. नदीत उतरायचा मोह टाळा. सुटायच्या वेळेआधी पंधरा मिनिटं डब्याजवळ या: फलाट बुटका असेल तिथे पायऱ्या चढताना आजी-आजोबांना आधार लागतो आणि घाईत पाय निसटतो.