सेट शॉट चुकू लागले, की आधी चेंडूचा ड्रॉप तपासा

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये सेट शॉट म्हणजे खेळ थांबल्यावर, शांतपणे रन-अप घेऊन गोलवर मारलेली किक. गोलच्या चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांमधलं अंतर 6.4 मीटर. चेंडू त्यांच्या आत गेला तर 6 गुण, खांबाला लागला तरी फक्त 1. सलग चार-पाच शॉट हुकले की खेळाडू रन-अप, पकड, वेग सगळंच एकदम बदलतात. हे मुळीच करू नका. बहुतेक वेळा दोष ड्रॉपमध्येच, म्हणजे चेंडू हातातून पायावर सोडण्यातच सापडतो.

ड्रॉप पंटसाठी, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधी मारायच्या किकसाठी, चेंडू उभा, किंचित स्वतःकडे कललेला धरा. किकच्या पायाच्या बाजूच्या हाताने तो कमरेच्या उंचीवरून त्याच मांडीच्या रेषेत सोडा. उंचावरून सोडला तर वाऱ्यात डगमगतो, पायावर तिरका बसतो. शरीरासमोरून आडवा गेला तर पायही आडवा फिरतो. उजव्या पायाचा शॉट मग डावीकडे वळतो. पंजा ताठ, बोटं पुढे ताणलेली. किकनंतर पाय लक्ष्याच्या दिशेनेच वर जाऊ द्या.

नेम खांबांवर नको, त्यांच्या मागे दूरवरच्या एखाद्या खुर्चीवर धरा.

सराव 15 मीटरवरून, अगदी समोरून. दहापैकी आठ जमले की 5 मीटर मागे. शेवटचे दहा शॉट धावून दमल्यावर मारा, कारण सामन्यात श्वास फुललेलाच असतो. रन-अपची पावलं मोजून ठेवा, ती रोज तीच हवीत.