काय शिकायचं ठरलं नाही? मग प्रवेश घेताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अजून काही ठरत नाहीये ना? मग सरकारी विद्यापीठ बरं, तिथं सगळंच असतं." सल्ला वाईट नाही. खासगी ठिकाणी लाखो रुपये भरून गोंधळ घालण्यापेक्षा अनुदानित कॉलेजात थोड्या फीत घातलेला परवडतो. फक्त ‘तिथं’ म्हणजे नेमकं कुठं, हे कुणी विचारत नाही.

पहिली चूक इथंच होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची संलग्न कॉलेजं पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत पसरलेली आहेत, मुंबई विद्यापीठाची तर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. पदवीची बहुतेक मुलं विद्यापीठाच्या आवारात शिकतच नाहीत, कॉलेजात शिकतात. विद्यापीठाच्या यादीत पन्नास विषय असतील, पण तुमच्या कॉलेजात मानसशास्त्राला शिक्षकच नसेल तर ती यादी काय चाटायची? प्रॉस्पेक्टसवरही विसंबू नका. मागच्या वर्षीचं पहिल्या वर्षाचं टाइमटेबल मागा. तिथं विषय दिसला नाही, तर तो त्या कॉलेजात नाही असंच धरून चाला.

दुसरी चूक आमच्याच घरात झाली. नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. त्यात ओपन इलेक्टिव्ह नावाचा प्रकार आहे आणि तो आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. ज्याचं काही ठरलेलं नाही, त्याला दुसऱ्या शाखेची चव घ्यायची ही आयती संधी. भाचीनं प्रवेश घेतला कॉमर्सला, ओढा मानसशास्त्राकडे. पण ‘तो काय, शेवटी भरायचा रकाना’ म्हणून आम्ही चौथ्या दिवशी गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं यादी पुढं सरकवली. निम्म्याहून जास्त विषयांवर लाल पेनानं काट मारलेली होती. जागा संपलेल्या. "हा घ्या, यात सगळे पास होतात," तो म्हणाला. तिनं तो घेतला. पासही झाली.

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कधी ठरतो, हेही आधी विचारा. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनानं शिकवतात आणि त्यातला मेजर दुसऱ्या वर्षी निवडता येतो. काही ठिकाणी प्रवेशाच्या फॉर्मवरच तो पक्का होतो. ज्याचं ठरलेलं नाही, त्यानं पहिल्या प्रकारचं कॉलेज धरावं, भले त्याचं नाव थोडं कमी गाजलेलं असो. माझ्या मते या एका गोष्टीपुढे कटऑफ वगैरे दुय्यम आहे.

‘निकाल लागल्यावर बघू’ ही आणखी एक चूक. बीबीए, बीसीए, बीएमएस या मॅनेजमेंट-कॉम्प्युटरच्या पदव्यांना २०२४ पासून राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागू झाली, आणि तिचे फॉर्म निकालाच्या बरेच आधी भरून घेतात. मन डळमळीत असेल तर फॉर्म भरून ठेवा. परीक्षेचं शुल्क वाया गेलं तर गेलं.

"नाही जमलं तर वर्षभरात सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं की," असंही हल्ली ऐकू येतं. येतं, पण त्यासाठी नेहमीच्या क्रेडिटशिवाय (क्रेडिट म्हणजे विषय पास झाल्यावर जमा होणारे श्रेयांक) चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी व्हायला हवी. क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, क्रेडिट जमा राहतात हे खरं. पण कॉमर्सचे क्रेडिट नव्या शाखेतल्या मेजरमध्ये आपोआप धरले जातील, या भ्रमात राहू नका.

आता जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी. विषय चुकला असं पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आलं तर उपप्राचार्यांकडे विषय बदलाचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी "बघू" म्हणाले की समजा नाहीच होणार. परीक्षेचा फॉर्म भरला की मात्र तो मार्ग जवळजवळ बंदच होतो. शाखाच बदलायची असेल, तर नवं कॉलेज कोणते क्रेडिट धरणार हे जुनं सोडण्याआधी लेखी घ्या.

भाची पुढच्या वर्षी बीएला गेली, मानसशास्त्र घेऊन, पुन्हा पहिल्यापासून. तिचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या कॉलेजातून सुटायला सव्वीस दिवस लागले, आणि आमच्याकडे त्याची एक झेरॉक्ससुद्धा नव्हती.