आतड्याचा कॅन्सर पसरलाय? ‘किती दिवस?’ विचारण्याआधी फाईल अशी वाचा

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला की घरातलं कुणीतरी डॉक्टरांना बाजूला गाठून विचारतं, ‘साहेब, किती दिवस?’ मामांच्या वेळी ते मी विचारलं होतं. ‘असं सांगता येत नाही,’ एवढंच उत्तर मिळालं आणि माझं डोकं फिरलं. नंतर कळलं, साहेब टाळत नव्हते. तालुक्याचा सोयाबीनचा सरासरी उतारा माहीत असला, तरी आपल्या वावरात किती पोती होतील हे जमीन, पाणी बघितल्याशिवाय कोण सांगणार?

तर आधी फाईल बाजूला ठेवा, माणूस बघा. डॉक्टर त्याला ० ते ४ असा आकडा देतात. ० म्हणजे पूर्वीसारखा हिंडतोफिरतो, १ म्हणजे हलकी कामं करतो, २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण काम होत नाही, ३ म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ बाजेवर किंवा खुर्चीत, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. पुढचं आयुष्य आणि किमो झेपणं, दोन्हींचा अंदाज वयापेक्षा या आकड्यावरून जास्त नीट येतो. म्हणून डॉक्टरांसमोर ‘तसे बरे आहेत’ म्हणू नका. दिवसातले किती तास झोपून असतात, ते सांगा.

मग स्कॅन. गाठी किती अवयवांत आहेत ते मोजा. फक्त यकृतात असतील तर ‘ऑपरेशनने काढता येतील का?’ हे यकृताच्या सर्जनलाच विचारा. पूर्ण काढता आल्या तर १०० पैकी साधारण ४० जण पाच वर्षांनंतरही असतात. पोटाच्या पडद्यावर पसरलेला कॅन्सर मात्र चिवट. मूळ गाठ उजव्या बाजूला असेल तर डावीपेक्षा अंदाज थोडा वाईट धरतात.

आता ज्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो ते: बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तुकडा जपलेली मेणाची वडी. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जा, बार्शीला जा की मुंबईला टाटात, रिपोर्टच्या कागदाबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. आम्ही नुसता कागद घेऊन गेलो आणि एक फेरी वाया गेली. या वडीवरच आरएएस, बीआरएएफ (गाठीच्या जनुकांतले बदल शोधणाऱ्या) आणि एमएसआय (गाठीच्या पेशींची जनुकीय चुका दुरुस्त करायची यंत्रणा बिघडलीय का ते बघणारी) या तपासण्या होतात. बीआरएएफमधला व्ही६००ई हा बदल निघाला तर आजार जोरात धावतो. आरएएसमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅबसारखी नेमक्या निशाण्यावर काम करणारी इंजेक्शनं लागू पडत नाहीत, उगाच पैसे घालू नका. पसरलेल्या आजारात एमएसआय-हाय, म्हणजे ही यंत्रणा बिघडलेली, निघणारे १०० मध्ये चार-पाचच, पण त्यांना इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांनी, वर्षानुवर्षं फायदा झालेला आहे. एवढ्यासाठी तरी ही तपासणी सोडू नका. सरकारच्या जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, विचारा.

रक्तात अल्ब्युमिन (एक प्रथिन) ३.५ च्या खाली, एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ही एन्झाइम्स वाढलेली, हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट जास्त, ही लक्षणं चांगली नव्हेत. सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा एक घटक, त्याचा एकच आकडा बघून घाबरू नका, तो कुठे चाललाय ते बघा. किमो सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे तो वाढून मग उतरू शकतो.

वजन दर रविवारी वहीत लिहा. झपाट्याने वजन घटणं हा वाईट इशारा. पाहुणे येऊन ‘साखर बंद, दूध बंद’ सांगतात. त्यांना चहा द्या आणि आहारतज्ज्ञाचं ऐका. आतडं अडलेलं असेल तर भाकरी चालेल की नाही, हेही तिथेच विचारा.

दोन-तीन महिन्यांनी पहिला स्कॅन होतो. गाठी आकसल्या का, यावर आधीचा सगळा अंदाज बदलतो. वेदना, उलट्या सांभाळणारी पॅलिएटिव्ह ओपीडी त्याआधीच गाठा. तिथे गेलं म्हणजे उपचार सोडले असं नसतं.

आणि मग प्रश्न विचारा, पण दिवसांचा नको. मामांनी स्वतःच विचारलं होतं, ‘साहेब, औंदा हरभरा पेरू का?’

डॉक्टरांनी फाईल मिटली. म्हणाले, ‘पेरा. काढणीला मात्र पोराला बोलावून घ्या.’