क्रीटला जाताय? एक रात्र लुत्रोसाठी ठेवा

ग्रीसचं क्रीट बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. चार दिवसांत सगळं उरकायला जाऊ नका. हानिया शहरात मुक्काम टाका आणि पश्चिमेकडेच फिरा. एलाफोनिसी किनाऱ्याची गुलाबी झाक असलेली वाळू निवांत बघायची तर सकाळी लवकर पोहोचा, नंतर नुसती जत्रा. (वाळू पिशवीत भरून आणायला मनाई आहे, मोह आवरा.)

पण मला विचाराल तर एक रात्र दक्षिण किनाऱ्यावरच्या लुत्रो या छोट्या गावात काढाच. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, पायाशी समुद्र आणि गावात गाडीरस्ताच नाही! जवळच्या होरा स्फाकियोन या बंदराच्या गावाहून बोटीने किंवा डोंगरकड्याने पायी जायचं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र आधीच विचारून ठेवा. हिवाळ्यात बोटी कमी असतात.