नागपुरात नव्याने येणाऱ्यांसाठी : ऊन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि मन

नोकरी, बदली किंवा शिक्षणाच्या निमित्ताने कोकणातून, पश्चिम महाराष्ट्रातून किंवा मराठवाड्यातून नागपुरात येणाऱ्यांना घर कुठे घ्यावे, कूलर कोणता बसवावा, मुलांना कोणत्या शाळेत घालावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी रत्नागिरी जिल्ह्यातून येऊन इथे स्थायिक झालो त्याला आता बराच काळ लोटला आहे, आणि मागून आलेल्या कुटुंबांचे बस्तान बसवून देताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. पहिला उन्हाळा सरता सरता घरातले एखादे माणूस मलूल होते, झोप होऊनही अंग मोडून आल्यासारखे वाटते, पाठ आणि मांड्या दुखतात, कामात लक्ष लागत नाही आणि कुणाकडे जावेसेही वाटत नाही. घरचे म्हणतात, गावाची आठवण येते आहे, होईल सवय. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा त्या माणसाच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते, काही वेळा नैराश्याचा आजार सुरू झालेला असतो, आणि कधी कधी ही दोन्ही दुखणी एकाच अंगात एकमेकांना धरून बसलेली असतात. म्हणून ‘सवय होईल’ एवढ्यावर विषय संपवू नये, हे मला मनापासून सांगायचे आहे.

एवढ्या उन्हाच्या शहरात उन्हापासून मिळणारे जीवनसत्त्व कमी कसे पडते, हा प्रश्न साहजिक आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक विशिष्ट भाग उघड्या त्वचेवर पडला की तिथे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन ते शरीराला वापरता येते. किरण त्वचेपर्यंत पोचलेच नाहीत, तर बाहेर कितीही ऊन असले तरी उपयोग नाही, आणि मार्चअखेरीपासून आपण इथे तसेच जगतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतपा, म्हणजे मेअखेरीचे सर्वांत तापाचे नऊ दिवस, सुरू होतो, खिडक्यांना जाड पडदे लागतात आणि दुपारी रस्ते ओस पडतात. सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या मुलीकडे पाहा : डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, खांद्यापर्यंत पांढरे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, पायांत मोजे, बोटभरही त्वचा उघडी नसते. हा दुपट्टा सोडा असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण इथला उष्माघात जीव घेतो. मिहान या विमानतळालगतच्या उद्योग व आयटी वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपणाऱ्या मुलांचा प्रश्न तर बाराही महिन्यांचा असतो. शिवाय खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ते विशिष्ट किरण जवळजवळ पूर्ण अडतात. त्यामुळे कार्यालयातील खिडकीलगतची जागा या कामी येत नाही.

सकाळचे कोवळे ऊन घ्या, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्या सल्ल्यात तथ्य आहे, कारण सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ ताळ्यावर येते, रात्री झोप वेळेवर लागते आणि मनालाही त्याचा आधार होतो. मात्र सूर्य क्षितिजाजवळ असताना ‘ड’ तयार करणारे किरण फारच थोडे पोचतात. सोपी खूण अशी की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच हे काम नीट होते. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर असल्याने मे महिन्यात ही वेळ सकाळी नऊच्या सुमारासच येते. तेव्हा हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीवर किंवा अंगणात काढावा आणि झळा सुरू होण्याआधी आत यावे. डिसेंबरात मात्र भर माध्यान्हीलाही सावली जवळपास उंचीएवढीच असते, म्हणून त्या दिवसांत अकरा ते दीड हीच खरी वेळ होय. इथला हिवाळा या बाबतीत मोठा दाता आहे : दुपारचे ऊन सोसवते, हवेहवेसे वाटते, आणि डबा कार्यालयाच्या आवारात बसून खाता येतो. नवीन माणसे नेमकी तेव्हा दुपारभर आत बसून राहतात आणि फिरायला म्हणून संध्याकाळी फुटाळा तलावावर जातात. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो; त्वचा भाजेल इतके मात्र कुणीच थांबू नये.

आहारातून मिळणारे ‘ड’ थोडेच असते. कोकणातून येणाऱ्यांच्या ताटातले बांगडा आणि तारली हे त्याचे उत्तम स्रोत, आणि इथे आल्यावर नेमके तेच सुटतात. अंड्याच्या पिवळ्या भागात ते थोडे असते. शाकाहारी घरांनी ‘प्लस एफ’ हे चिन्ह असलेले, म्हणजे जीवनसत्त्वे मिसळलेले, दूध आणि तेल निवडावे. संत्र्यात ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते, ‘ड’ नसते.

आता मनाविषयी. मेंदूच्या ज्या भागांचा भावनांशी आणि स्मृतीशी संबंध आहे, तिथेही या जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राही असतात, आणि नैराश्य असलेल्या लोकांच्या रक्तात त्याचे प्रमाण कमी आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. पण यावरून एकामुळे दुसरे होते असे सिद्ध होत नाही. खचलेला माणूस घराबाहेर पडत नाही, नीट जेवत नाही, आणि त्यामुळेही ‘ड’ कमी होते. अमेरिकेत पन्नाशीपुढील १८ हजारांहून अधिक लोकांना सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट ‘ड’ किंवा बिनऔषधी गोळी देऊन पाहिले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार या गोळीने नैराश्य टळले नाही. त्यातील बहुतेकांना मुळात मोठी उणीव नव्हती, हे ध्यानात ठेवले तरी ही गोळी म्हणजे मनाचे औषध, असे कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. खरी उणीव असेल तर ती भरून काढावीच, कारण तिच्यामुळे येणारा थकवा, स्नायूंची दुर्बलता आणि हाडांचे दुखणे माणसाला अधिकच घरात कोंडून ठेवते.

तपासणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ या नावाने होते आणि दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण बहुधा उणीव मानले जाते. जाहिरातीतील पॅकेज पाहून तपासणी करून घेण्यापेक्षा आधी डॉक्टरांना लक्षणे सांगावीत. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणीही हवी का, हे विचारावे, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा आणि उदासी येते. ६० हजार युनिटची गोळी बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोजची समजून घेतली, किंवा शेजाऱ्याला गुण आला म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, अति तहान, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाऊ शकते. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी विशेष जपावे. नागपूरच्या उन्हाळ्यात शरीरातले पाणी आधीच कमी होत असते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे मानसोपचाराचे विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाने पुष्कळजण बिचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येते. ‘टेलि-मानस’ ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांकडे जाताना रक्ताचे जुने अहवाल, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि घरचे एक माणूस सोबत असावे. रात्रपाळी असेल, दिवसचे दिवस ऊन अंगाला लागत नसेल, तर तेही आपणहून सांगावे, कारण डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.