तापाचा कितवा दिवस?

बालरोग विभागात नव्याने रुजू झालेल्या ज्युनिअर्सना मी पहिल्याच आठवड्यात एक सवय लावून घ्यायला सांगते. केस पेपरवर ताप लिहिला की शेजारी कितवा दिवस ते लिहायचं आणि खाली येऊन गेलेली लक्षणंही. डोळे कधी लाल होते, पुरळ कधी उठलं, कधी मावळलं. मुलांच्या आजारात सगळी लक्षणं एकदम दिसत नाहीत. आपण तपासतो तोवर निम्मी ओसरलेली असतात आणि ती फक्त आईला किंवा आजीला माहीत असतात.

माझ्या रेसिडेन्सीत निफाडकडचं सात महिन्यांचं बाळ भरती झालं. डिसेंबरची थंडी, त्यामुळे स्वेटर, टोपी, पायमोजे. तापाचा पाचवा दिवस, आणि नुसतं किरकिरत होतं, कडेवर घेतलं तरी थांबेना. मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतलं पाणी काढलं. पेशी जरा वाढलेल्या, जंतू नाहीत. अँटिबायोटिक चालूच. आजी दोनदा म्हणाली, "मॅडम, याची लस परत उठलीय." मी "असू द्या आजी" म्हणून पुढच्या खाटेकडे वळले.

तापाच्या आठव्या दिवशी राउंडला सरांनी स्वेटर काढायला लावला. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण लालभडक, भोवती रुपयाएवढी सूज. सरांनी लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला. हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी फुगायला लागली होती. कावासाकी आजार, म्हणजे लहान मुलांत रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार. बीसीजीचा व्रण परत उठणं ही त्याचीच एक खूण.

तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली ५० मुलांच्या नोंदींवरून हा आजार मांडला. आजही त्याची एक अशी खात्रीची रक्ततपासणी नाही. पाच दिवस ताप आणि पाचांपैकी चार खुणा: चिपडं न येता दोन्ही डोळे लाल, फुटलेले ओठ किंवा स्ट्रॉबेरीसारखी जीभ, पुरळ, हातापायांची सूज, मानेत दीड सेंटिमीटरची गाठ. तान्ह्या बाळांत कधी दोनच खुणा दिसतात, कधी त्याही नाहीत, आणि धमन्यांना धोका त्यांनाच जास्त. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध) तापाच्या दहा दिवसांच्या आत, किलोला २ ग्रॅम, दिलं तर धमनी फुगण्याचं प्रमाण चारात एकावरून साधारण विसात एकावर येतं. म्हणून दिवस मोजायचे.

सारखे दिसणारे आजार नाशिकमध्ये भरपूर. पावसाळ्यात डेंग्यू, त्यात ताप उतरतानाच मूल ढासळू शकतं. पेठ, सुरगाण्याकडून आवणीच्या दिवसांत आलेलं तापाचं मूल असेल तर काख, जांघ, कानामागे स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) काळा खपलीचा डाग शोधा, डाग नसला तरी शंका सोडू नका. गोवरात खोकला आणि वाहतं नाक असतं. मालेगावात २०२२ साली साथ आली होती. कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी येणारा एमआयएस-सी (मुलांच्या अनेक अवयवांना सूज आणणारा आजार) कावासाकीसारखाच दिसतो, पण मुलं जरा मोठी, पोटदुखी जास्त आणि प्लेटलेट बहुधा कमी. कावासाकीत त्या दुसऱ्या आठवड्यात चढतात. तेव्हा प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असं वॉर्डात कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

सांधे धरलेत, रोज संध्याकाळी ताप चढतो, त्याच वेळी फिकं गुलाबी पुरळ येतं आणि तापाबरोबर जातं, हे सिस्टेमिक आर्थ्रायटिसचं, म्हणजे सांध्यांबरोबर सगळ्या शरीरावर परिणाम करणाऱ्या संधिवाताचं चित्र. पण मूल रात्री हाडं दुखतात म्हणून रडत उठत असेल तर आधी रक्ताचा कॅन्सर नाही ना, ते बघा. ते ठरण्याआधी स्टिरॉइड दिलं की बोन मॅरोतलं निदान पुसट होतं. हाच आर्थ्रायटिस बिघडू लागला की मूल आणखी आजारी दिसत असताना ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) मात्र खाली येतो. त्याला सुधारणा समजू नका, त्याच रात्री फेरिटिनची रक्ततपासणी पाठवा, या बिघाडात ते खूप वाढतं.

त्या बाळाला आठव्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन लागलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सहा आठवड्यांनी इको नॉर्मल आला. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस इम्युनोग्लोब्युलिन दिल्यापासून ११ महिने थांबून द्यावी लागते. ती तारीख लसीकरण कार्डावर मी मोठ्या अक्षरात लिहिली आणि कार्ड आजीच्या हातात दिलं.