‘गाडी न धुता द्या’ हे बुकिंगच्या दिवशीच सांगा

पिंपरीत माझं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्यांच्या बारकाईने सफाई-पॉलिशचं, दुकान आहे. दसरा-पाडवा झाला की कोऱ्या गाड्या माझ्याकडे येतात. काळ्या बॉनेटवर टॉर्च मारते, तर गोल गोल बारीक ओरखडे! मालकाचा चेहरा पडतो. ‘अहो, कालच आणलीय.’

गाडी स्टॉकयार्डात धूळ खात उभी असते आणि डिलिव्हरीआधी घाईत धुतली जाते. एकच बादली, एकच फडकं, त्यानेच चाकं आणि त्यानेच बॉनेट. फडक्यातली वाळू क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, घासली जाते. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. पॉलिशने ओरखडे जातात, पण थरही झिजतो.

म्हणून बुकिंग करतानाच सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवा: धुवायचं नाही, पुसायचं नाही, पॉलिश नाही, बॉनेटवर कंपनीची संरक्षक फिल्म असेल तर काढायची नाही. सेल्सवाला म्हणेल, ‘मॅडम, धुळीची गाडी कशी देणार?’ तशीच द्या म्हणा. त्याने मान डोलावली तरी निरोप धुणाऱ्या पोरांपर्यंत पोचेलच असं नाही. त्यामुळे ‘धुऊ नये’ असा ठळक मराठी-हिंदी कागद काचेला आतून लावून घ्या.

गाडी बघायला जायचं ते रजिस्ट्रेशनच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी बदलून मिळणं विसरा. दिवसाउजेडी जा. धुळीखाली काही दिसत नाही, तेव्हा नुसतं पाणी मारायला सांगा, फडकं लावू देऊ नका. बंपरचे कोपरे, दारांच्या कडा, आरसे तिरक्या नजरेने बघा. छप्पर बघायला सगळे विसरतात. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम: पत्र्यावर बहुतेक ठिकाणी 100-140 मायक्रॉन आणि एकाच दारावर 250 दिसलं, तर ते दार पुन्हा रंगवलेलं असण्याची दाट शक्यता. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं मीटर चालत नाही. तिथे शेजारच्या पत्र्याशी रंगाची छटा जुळते का ते बघायचं.

आता पूजा. ती करायचीच, माझी काही हरकत नाही. पण हळद पांढऱ्या रंगावर डाग सोडू शकते, आणि सुकलेलं कुंकू कोरड्या फडक्याने खरवडलं की झालंच. फिल्म असेल तर तिच्यावरच स्वस्तिक काढा आणि मग फिल्म सोला. नसेल तर काचेवर काढा. हार दोऱ्यात ओवलेला घ्या, तारेचा नको. नारळ गाडीपासून चार पावलं लांब फोडा. फोटोसाठी पेढ्यांचा बॉक्स, किल्ली, पर्स बॉनेटवर ठेवणाऱ्या आत्या-मावश्यांना आधीच समज द्या!

शोरूमचं टेफ्लॉन कोटिंग मी घेऊ देत नाही. माझा धंदा तोच, म्हणून म्हणते असं समजा हवं तर. पण ओरखड्यांवर कोटिंग चढलं की आधी तेच काढावं लागतं. सिरॅमिक कोटिंगने गाडी धुणं सोपं होतं, मात्र हायवेवर उडालेले खडे अडत नाहीत. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म, निदान बॉनेट आणि पुढच्या बंपरला.

पहिली धुलाई सावलीत, दोन बादल्यांनी: एकीत शाम्पू, दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळखळायचं साधं पाणी. बोअरचं पाणी असेल तर लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच.